कुत्र्यासाठी घरची कुल्फी : लाड आहे, इलाज नाही

(उन्हाळ्यातल्या भागाचं हे लिखित रूप आहे. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. ज्यांना फक्त कृती हव्यात त्यांनी थेट तिथे जा, पण कृतींच्या आधीचा 'काय घालायचं नाही' हा भाग मात्र सोडू नका.)

नागपुरातून बोलतोय, त्यामुळे 'कसा आहेस' हे या महिन्यात विचारू नका. मागे जो घरघर आवाज येतोय तो कूलरचा आहे. तो बंद केला तर मला बोलता येणार नाही, म्हणून तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. तुम्हीही ते रील्स पाहिले असतील. एक गोंडस गोल्डन रिट्रीव्हर, पंजाच्या आकाराचा सिलिकॉनचा साचा, त्यात ब्लूबेरी, योगर्ट, पीनट बटर, वरून रंगीबेरंगी काहीतरी, आणि मग स्लो मोशनमध्ये चाटणं. ते बघून बऱ्याच जणांनी विचारलं : आपल्याकडे हे कसं करायचं? ब्लूबेरी कुठून आणायची? आणि मुळात हे द्यावं का?

उत्तर सोपं आहे. द्या, बिनधास्त द्या. ब्लूबेरीची काही गरज नाही, आपल्या फ्रिजमध्ये जे असतं त्यातच होतं. आमचा भुऱ्या, म्हणजे आमचा देशी कुत्रा, वजन अठरा किलो, उन्हाळाभर रोज खातो. आई म्हणते, "माणसाला नाही एवढे लाड याचे!" आणि मग स्वतःच त्याच्यासाठी दही बाजूला काढून ठेवते.

पण तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. आत काय जातंय, किती जातंय, आणि या बर्फाकडून आपण काय अपेक्षा ठेवायची. मी पशुवैद्य नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे औषधं सांगणार नाही. लेबल वाचणं आणि हिशेब करणं या दोन गोष्टी मला जमतात, त्या सांगणार आहे.

आधी तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड

दर उन्हाळ्यात एक मेसेज फिरतो. कुत्र्याला बर्फ दिला की त्याच्या पोटाला पीळ पडतो आणि तो मरतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर दोनदा आला.

निरोगी कुत्र्याला बर्फाचा तुकडा चाटायला दिला म्हणून असं होत नाही. पोट फुगणं आणि पिळणं हा आजार खरा आहे, जीवघेणा आहे, आणि खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना त्याचा धोका जास्त असतो. भराभर, अधाशासारखं खाणं-पिणं हे त्यातलं एक कारण मानतात. म्हणजे सांभाळायचं ते वेगाला. धावून आलेल्या कुत्र्यासमोर भलं मोठं भांडं ठेवायचं नाही, आधी त्याचा श्वास शांत होऊ द्यायचा. हळूहळू चाटायला लागणारा गोठलेला खाऊ उलट वेग कमीच करतो.

काय घालायचं नाही

हा आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. काही करत असाल तर हात थांबवा आणि नीट ऐका.

पहिलं नाव झायलिटॉल. ही साखरेऐवजी वापरतात ती गोडी. शुगर फ्री च्युइंग गम, काही शुगर फ्री मिठाया, टूथपेस्ट आणि काही पीनट बटरमध्ये ती असते. माणसाला चालते. कुत्र्याच्या शरीरात मात्र ती गेली की स्वादुपिंड भसाभस इन्शुलिन सोडतं, आणि रक्तातली साखर कोसळते, कधी कधी अर्ध्या तासातच. जास्त प्रमाणात गेली तर यकृत निकामी होतं.

प्रमाण किती? वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.१ ग्रॅमपासून साखर घसरू शकते. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक ग्रॅम. चहाच्या चमच्यात चार-पाच ग्रॅम सहज मावतात. आता करा हिशेब.

लेबलवर दर वेळी झायलिटॉल असं सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. कधी 'बर्च शुगर' लिहितात, कधी नुसता आयएनएस क्रमांक ९६७ असतो. हा ९६७ लक्षात ठेवा. डबा हातात घेतला की आधी तो शोधा. पुढे 'नो ॲडेड शुगर, हेल्दी' असं मोठ्या अक्षरात असलं तरी मागचं बारीक अक्षर वाचायचं.

दुसरं, द्राक्षं. यात मनुका आणि बेदाणेही आले. आपल्याकडे नाशिक, सांगली, सगळीकडे द्राक्षं. उन्हाळ्याच्या तोंडाला घरात असतातच, आणि गोठवलेलं द्राक्ष म्हणजे तयार गोळीच. त्यामुळे मोह होतो. पण द्राक्षांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्यातही वाईट असं की एखादा कुत्रा चार खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा तेवढ्यानेच गंभीर होतो. त्यामुळे 'आमच्याने खाल्ली, काही झालं नाही' या वाक्याला काही अर्थ नाही.

यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अलीकडे संशोधक मांडतायत. आणि हे आम्ल आपल्याकडे आणखी कशात भरपूर असतं? चिंचेत. म्हणजे चिंचेचं सरबत, चिंचगुळाची आमटी कालवून दिलेला भात, हेही नकोच.

तिसरं, चॉकलेट. हे बहुतेकांना माहीत असतं. जितकं गडद आणि कडू, तितकं घातक. चॉकलेट आइस्क्रीमचा 'शेवटचा घास' पण त्यातच मोडतो.

चौथं, कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत की पावडर असो. ते तांबड्या रक्तपेशी फोडतात. चिकनचं पाणी गोठवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे कांदा-लसणाशिवाय चिकन शिजतच नाही. भुऱ्याचं चिकन वेगळ्या पातेल्यात शिजतं.

पाचवं, आपली गोड पक्वान्नं. श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम. साखर भरमसाट, वर जायफळ, आणि जायफळ जास्त गेलं तर कुत्र्यांना विषारीच. मसाला ताकात मीठ. पन्ह्यात मीठ आणि गूळ दोन्ही. कुत्र्याला गोड आणि खारट यांची चटक आपण लावतो, त्याला स्वतःला त्यातलं काहीच लागत नाही.

यातलं काही चुकून पोटात गेलं, तर 'बघू, उलटी होते का' म्हणून थांबायचं नाही. लगेच डॉक्टरांना फोन करायचा, पाकीट सोबत न्यायचं. आणि मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायला जायचं नाही. त्या मिठानेच वेगळं संकट उभं राहतं.

आता कृती

साधन एकच, बर्फाचा ट्रे. नेहमीच्या ट्रेमधल्या एका खड्ड्यात साधारण १८ ग्रॅम मावतं, असं धरून मी हिशेब केलाय. सिलिकॉनचा असेल तर उत्तम, तुकडे पटकन सुटतात. कुल्फीचे साचे असतील तर काडी घालू नका. कुत्रा काडीसकट गिळतो.

*एक : कलिंगड आणि काकडी.* २०० ग्रॅम कलिंगडाचा गर, बिया काढून. ५० ग्रॅम काकडी, किसून. मिक्सरला एकच फेरी, ट्रेमध्ये ओतायचं. चौदा तुकडे होतात. एका तुकड्यात साधारण पाच कॅलरी. कलिंगडाची पाठ द्यायची नाही, ती आतड्यात अडकू शकते.

*दोन : दही आणि लाल भोपळा.* १०० ग्रॅम घरचं साधं दही, १०० ग्रॅम लाल भोपळा, सालं काढून नुसत्या पाण्यात उकडलेला. मीठ नाही, साखर नाही. हाताने कालवायचं. अकरा तुकडे, प्रत्येकी सात कॅलरी. दूध का नाही? मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, पोट बिघडतं. दह्यात ती कमी असते, चक्क्यात आणखी कमी. पहिल्यांदा देत असाल तर एकच तुकडा द्या आणि दुसऱ्या दिवशीची शी बघा. हो, कुत्रा पाळला की हे करावंच लागतं.

*तीन : चिकनचं पाणी.* हाडं नसलेलं चिकन भरपूर पाण्यात शिजवायचं. कांदा, लसूण, मीठ, हळद, मसाला काही नाही. गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा थर जमतो, तो काढून टाकायचा. खूप चरबी गेली तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. उरलेल्या पाण्यात चिकनचे बारीक धागे टाकून ट्रे भरायचा. उन्हाळ्यात जेवण टाळणाऱ्या कुत्र्याच्या भातावर याचा एक तुकडा वितळवला तरी तो भांड्याकडे वळतो.

*चार : केळं आणि शेंगदाण्याचा कूट.* हे आपलं देशी पीनट बटर. शेंगदाणे मीठ न लावता भाजायचे, सालं काढायची, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवायचं. झालं. डब्याचं लेबल वाचायची कटकटच नाही, कारण डबाच नाही. अर्धं केळं, एक चमचा म्हणजे १० ग्रॅम कूट, ५० ग्रॅम दही. सहा तुकडे, प्रत्येकी बावीस कॅलरी. एकच काळजी घ्या, शेंगदाणे खवट किंवा बुरशी लागलेले नकोत. त्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला झेपत नाही. आपण तोंडात टाकून जो थुंकतो तो दाणा त्याच्यासाठीही नाही.

यात पपई चालते, बी काढून. आंब्याचा गर चालतो, थोडाच, पण कोय कधीच नाही. मे महिन्यात कोय गिळलेले कुत्रे ऑपरेशन टेबलवर जातात.

आणि नागपूरकरांनो, वादळात लाइट गेली आणि ट्रे पूर्ण वितळला, तर दह्याचं आणि चिकनचं मिश्रण परत गोठवू नका. टाकून द्या. दहा रुपयांचं दही आहे.

दात आणि घसा

नुसत्या पाण्याचा बर्फ दगडासारखा असतो. काही कुत्रे चाटत नाहीत, कडाकडा फोडतात. त्यात वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा पापुद्रा निघू शकतो. अंगठ्याचं नख रुतवून बघा. नख रुतत नसेल तर तो तुकडा दातांसाठी फार कठीण आहे. दही, केळं, भोपळा घातलेलं मिश्रण तेवढं कडक होत नाही, आणि पाच मिनिटं बाहेर ठेवलं की नख रुततं. मी टायमर लावतो. भुऱ्या टायमरचा आवाज ओळखतो, हा त्याचा साइड इफेक्ट.

मोठ्या कुत्र्याला लहान तुकडा दिला तर तो गिळून टाकतो, घशात अडकण्याची भीती. त्याच्यासाठी मिश्रण ताटलीत पातळ थरात गोठवा, म्हणजे चाटावंच लागेल. फक्त स्टीलची ताटली फ्रीझरमधून काढून थेट समोर ठेवायची नाही, ओली जीभ थंडगार धातूला चिकटते. ती पाच मिनिटं इथेही लागू.

पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवणं ही आणखी चांगली युक्ती. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध खेळणं काँग. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाचा माणूस त्याच्या फोक्सवॅगन गाडीचं काम करत होता. त्याचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात घासायचा. गाडीचा एक रबरी भाग बाहेर पडला, फ्रिट्झने तो उचलला आणि दगड विसरला. तिथून हे खेळणं आलं. त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. कुत्र्याला खाण्याइतकंच खाणं मिळवण्याचं काम आवडतं. तुमची अर्ध्या तासाची मीटिंग असेल तर भरून गोठवलेलं खेळणं द्या. तो शांत, तुम्ही म्यूट.

किती? आता थोडं गणित

वरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा पशुवैद्यांचा नेहमीचा नियम. पण दिवसाच्या कॅलरी किती?

फोनवरचा कॅल्क्युलेटर काढा. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या. त्याला त्यानेच दोनदा गुणा, म्हणजे घन झाला. मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा. आलेल्या संख्येला ७० ने गुणा. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, सर्वसाधारण हालचाल करणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणा.

भुऱ्याचं करून बघू. १८ चा घन ५८३२. दोनदा वर्गमूळ, ८.७४. गुणिले ७०, ६१२. गुणिले १.६, साधारण ९८०. म्हणजे खाऊसाठी ९८ कॅलरी.

पाच किलोच्या पॉमेरेनियनला ३७. दहा किलोच्या कुत्र्याला ६३. तीस किलोच्या लॅब्रेडॉरला १४४ च्या आसपास.

आता वरच्या कृतींकडे परत या. कलिंगडाचा तुकडा पाच कॅलरीचा, केळं-कुटाचा बावीसचा. ट्रेमध्ये दोघांचा आकार एकच. पॉमेरेनियनने केळं-कुटाचे दोन तुकडे खाल्ले की त्याचा दिवसाचा कोटा ओलांडला. कलिंगडाचे सात खाल्ले तरी तो आत आहे. म्हणून मी दोन वेगळे ट्रे ठेवतो, आणि कुटाच्या ट्रेवर आईसाठी मार्करने लिहिलंय : 'एकच!'

आणि या कोट्यात बाकीचं सगळं मोजायचं. बाबांनी नाश्त्याला दिलेला पोळीचा तुकडा, वॉचमनकाकांचं बिस्कीट, शेजारच्या काकूंचा टोस्ट. एका पोळीत साधारण शंभर कॅलरी असतात. म्हणजे 'फक्त एक पोळी' म्हणून दिली की भुऱ्याचा दिवसाचा खाऊ तिथेच संपला.

पिल्लं, मधुमेह असलेले, किडनीचा त्रास असलेले, किंवा स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेले कुत्रे, यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

हा बर्फ काय करू शकत नाही

इथे मी जरा गंभीर होणार आहे.

आपल्याला घाम येतो, तो वाळतो, अंग गार होतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गादीला. त्याचं मुख्य साधन म्हणजे धापा टाकणं. तोंडातला आणि श्वासमार्गातला ओलावा उडतो आणि उष्णता बाहेर जाते. पग, शिह त्झू, बुलडॉग यांची नाकं चपटी, श्वासाचा रस्ता अरुंद, म्हणून त्यांचं हे यंत्र मुळातच कमी चालतं.

मला प्रश्न पडला की एक तुकडा कुत्र्याला किती गार करतो. गणित केलं. १८ ग्रॅमचा बर्फ फ्रीझरच्या उणे १८ अंशांवरून वितळून शरीराच्या ३९ अंशांपर्यंत येताना साधारण २.३ कॅलरी उष्णता शोषतो. कॅलरी म्हणजे इथे खाण्याच्याच कॅलरी. भुऱ्या दिवसाला ९८० कॅलरी जाळतो, त्या शेवटी उष्णताच होतात. तासाला ४१. म्हणजे एक तुकडा त्याच्या शरीरात जेमतेम साडेतीन मिनिटांत तयार होणारी उष्णता खातो. तीही घरात लोळत असताना. धावत असेल तर त्याहून कितीतरी कमी वेळाची.

थोडक्यात, हा तुकडा त्याला सुखावतो, चार थेंब पाणी पोटात नेतो, दुपार सुसह्य करतो. पण हा एसी नाही, आणि औषध तर मुळीच नाही. 'येऊन कुल्फी देऊ की' म्हणून दुपारी चारला फिरायला न्यायचं, असं चालत नाही.

ब्रिटनमध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पातल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात उष्माघाताच्या सुमारे तीन चतुर्थांश घटनांमागे व्यायाम होता, म्हणजे चालणं, पळणं, खेळणं. बंद गाडीत अडकल्याच्या घटना त्या मानाने फार कमी होत्या. हे ब्रिटनमधलं, जिथे आपल्यासारखा मे नसतो.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत एक प्रसंग झाला. संध्याकाळचे साडेसहा. एक काका त्यांच्या पगला फिरवून आणत होते. ऊन उतरलं होतं, पण रस्ता तापलेलाच होता. पार्किंगमध्ये येताच पग अडखळला आणि आडवा झाला. जीभ लालभडक, तोंडातून चिकट लाळ. सगळे धावले. एक जण वरून आइस्क्रीमचा कप घेऊन आला, दुसरा त्याच्या तोंडात बर्फ सारायला लागला. एक ताई मात्र फोनवर डॉक्टरांशी बोलत होत्या. त्या ओरडल्या, "तोंडात काही घालू नका, अंगावर पाणी ओता!"

नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका देणारं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये हे असंच असतं. मग लॉबीतल्या वॉटर कूलरचं पाणी बादलीत घेतलं, आणि ज्याच्या हातात बर्फाचा ट्रे होता त्याने तो त्या बादलीत रिकामा केला. पोट, मांड्या, मान, सगळं भिजवत राहिलो. वॉचमनकाकांनी त्यांचा टेबल फॅन आणून लावला. थोड्या वेळाने त्याने मान उचलली, तसा त्याला एसी चालू असलेल्या गाडीतून दवाखान्यात नेला. दोन दिवस तो ॲडमिट होता. वाचला.

तिथे प्रेमाची कमी कुणाकडेच नव्हती. फक्त आधी काय आणि मग काय, हा क्रम एकीलाच माहीत होता. तो आता तुम्हीही पाठ करा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. पण थर्मामीटर शोधत बसू नका, लक्षणं बघा. सावलीत येऊनही धाप कमी होत नाही. दाट, चिकट लाळ. हिरड्या लालभडक. झोकांड्या. उलटी, जुलाब. कोसळणं.

यातलं काही दिसलं तर :

- लगेच सावलीत किंवा पंख्याखाली आणा.
- अंगावर पाणी ओतत राहा, पोट आणि मांड्यांवर विशेष. पाणी त्याच्या अंगापेक्षा गार हवं. टाकीचं तापलेलं असेल तर माठातलं, फ्रिजमधलं घ्या, बादलीत बर्फ टाका.
- ओल्या अंगावर वारा लागू द्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.
- शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, स्वतः पिऊ द्या. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं.
- आधी थंड करायला सुरुवात करा, मग दवाखान्यात न्या. आणि बरा वाटला तरी न्याच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर कळते.

म्हणजे फ्रीझरमधला बर्फ त्या वेळीही कामाचा आहे, पण तो तोंडात नाही, बादलीत जातो.

आणि ती वेळच येऊ नये म्हणून फिरायला सकाळी सहाच्या आत किंवा रात्री उशिरा. निघण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला टेकवत नसेल तर त्याच्या पंजांनाही नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो : रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही हे देऊ का?

त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी कुल्फी म्हणजे पाणी. सिमेंटची किंवा मातीची जड, पसरट कुंडी घ्या, म्हणजे कलंडत नाही. सावलीत ठेवा. पाणी रोज बदला आणि कुंडी घासा, नाहीतर डासांची पैदास होईल आणि सोसायटीची मीटिंग लागेल. दुपारी त्यात बर्फाचा एक ट्रे रिकामा केला तर फारच छान.

खायला द्यायचं असेल तर ठरवून दिलेल्या जागीच. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांमध्ये सोसायटीने अशी जागा ठरवण्याची तरतूद आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नेमलेल्या जागांवरच खाऊ घालायला सांगितलं. एकच तुकडा पाच कुत्र्यांमध्ये टाकू नका, भांडणं होतात आणि चावा तुम्हाला बसतो. हातातून भरवू नका, भांड्यात ठेवा आणि मागे सरका.

तर मंडळी, आज रात्री एक ट्रे लावून ठेवा. कलिंगड आणि काकडीपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं आणि हलकं. फ्रिजच्या दारावर तीन शब्द चिकटवा : द्राक्षं, चॉकलेट, ९६७. आणि उष्माघाताचा तो क्रम तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. त्या बर्फाने कुत्रा मरतो वाल्या फॉरवर्डच्या खालीच टाका.

पुढच्या भागात पावसाळ्यातल्या गोचिडांवर बोलू. तोपर्यंत पाणी प्या, पाजा, आणि ऐकत राहा. भुऱ्याचा टायमर वाजलाय, मी निघतो.